चिपच्या नकाशाची फाइल: आत काय असतं आणि लायब्ररी काय करते

चिपचं डिझाइन पूर्ण झालं की कारखान्याकडे एक फाइल पाठवतात. सर्किटचा आराखडा, त्यामागचं गणित, सिम्युलेशनचे आलेख, महिनोन् महिने चाललेल्या चाचण्या, हे सगळं डिझाइन करणाऱ्यांकडेच राहतं. कारखान्याला त्या फाइलीतून एवढंच कळतं की अमुक थरावर, अमुक जागी, अमुक आकाराचा तुकडा हवा आहे. त्यावरून प्रत्येक थराचा मास्क तयार होतो, मास्कमधून सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाश पडतो आणि एकावर एक थर घडत जातात. फाइल चुकली तर चिप चुकली. मास्क तयार झाल्यावर चूक सापडली तर तो मास्क नव्याने करावा लागतो, आणि मास्क हे ह्या धंद्यातलं फार महागडं प्रकरण आहे.

सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं, मग ती वालचंदची असोत की ऑर्किडची, चिप डिझाइनचा विषय निघाला की पुण्याच्या नाहीतर बंगळुरूच्या तिकिटाच्या गोष्टी करतात. लाखोंची लायसन्स आणि मोठाले सर्व्हर तिकडेच असतात, असा त्यांचा समज. नोकरीपुरता तो बराचसा खराही आहे. पण ही शेवटची फाइल उघडून बघायला, तिच्यात मोजमाप करायला, तशी फाइल स्वतः लिहायला साधा लॅपटॉप, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि एक फुकट मिळणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमांचा संच, एवढं पुरतं. हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण फाइलीच्या आत एकदा शिरलं की महागड्या सॉफ्टवेअरमधली बटणं कशासाठी आहेत ते आपोआप उलगडायला लागतं.

फाइलीत ट्रान्झिस्टर नसतो

उदाहरणासाठी स्काय१३० घेऊ. स्कायवॉटर ह्या अमेरिकन कारखान्याची ही १३० नॅनोमीटरची प्रक्रिया २०२० साली गूगलच्या पुढाकाराने सर्वांसाठी खुली झाली. एरवी अशा प्रक्रियेची माहिती नुसती वाचायची म्हटली तरी गुप्ततेच्या करारावर सही करावी लागते. इथे मात्र नियम, थरांची यादी, तयार सेलांच्या (म्हणजे नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरायच्या नकाशाच्या तुकड्यांच्या) फायली असं सगळं कोणालाही उतरवून घेता येतं.

फाइलीत थराला नाव नसतं, आकडा असतो. खरं तर दोन आकडे: लेयर आणि डेटाटाइप. स्काय१३० मध्ये एन-वेल ६४/२०, डिफ्यूजन ६५/२०, पॉलिसिलिकॉन ६६/२०, लोकल इंटरकनेक्ट ६७/२० आणि धातूचा पहिला थर ६८/२०. पहिल्या धातूला दुसऱ्या धातूशी जोडणारे व्हाया ६८/४४ वर. ह्या आकड्यांचा अर्थ फाइलीत कुठेही लिहिलेला नसतो, तो कारखान्याच्या कागदपत्रांत असतो. दुसऱ्या कारखान्याच्या फाइलीत ६८ म्हणजे भलतंच काही निघेल.

मग ट्रान्झिस्टर कुठे असतो? तो लिहिलेलाच नसतो. ६५/२० वर एक आयत असतो, त्याला आडवा छेदून जाणारा ६६/२० वरचा एक पट्टा असतो, आणि हे दोन जिथे एकमेकांवर येतात तिथे सिलिकॉनमध्ये ट्रान्झिस्टरचं गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा भाग, घडतं. पट्ट्याची रुंदी ही चॅनेलची, म्हणजे गेटखालच्या वीज वाहायच्या वाटेची, लांबी ठरते आणि आयताची रुंदी ही ट्रान्झिस्टरची रुंदी. फाइलीला ह्यातलं काही ठाऊक नसतं. तिच्या लेखी ते दोन बहुभुज आहेत, बस्स. चिपचा नकाशा म्हणजे थरांवर पसरलेले बहुभुज, अधूनमधून पट्टे, काही मजकुराची लेबलं आणि ‘तो सेल इथे ठेव’ अशा सूचना. ह्यापलीकडे फाइलीत फारसं काही नसतं. पुढचं सगळं ह्याच मोजक्या गोष्टींभोवती फिरतं.

टेपसाठी बेतलेली रचना

ह्या फायलींचा सर्वांत रुळलेला प्रकार जीडीएस-टू. कॅलिफोर्नियातल्या काल्मा कंपनीने १९७८ साली आणलेल्या यंत्रणेसोबत तो आला. त्याआधी नकाशे रुबीलिथ नावाच्या लाल फिल्मवर सुरीने कापून काढायचे. इंटेलची १९७१ ची ४००४ चिप तशीच तयार झाली. काल्मा कंपनी पुढे जनरल इलेक्ट्रिककडे गेली, नंतर तिचं डिझाइन सॉफ्टवेअर आणखी हात बदलत कॅडेन्स कंपनीकडे पोहोचलं, पण फाइलीची रचना जवळपास तशीच राहिली. आजही कारखाने तीच फाइल स्वीकारतात.

रचना साधी आहे, ती डोक्यात बसली की अर्धं काम होतं. फाइल म्हणजे नोंदींची रांग. प्रत्येक नोंदीचे पहिले दोन बाइट सांगतात की ही नोंद एकूण किती बाइटांची. तिसरा बाइट सांगतो नोंद कसली. चौथा सांगतो आतली माहिती कोणत्या प्रकारची: पूर्णांक, दशांश की अक्षरं. त्यानंतर खुद्द माहिती.

एक विद्यार्थी मला म्हणाला होता, “सर, नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता कचरा दिसायलाय की ओ.” नोटपॅड प्रत्येक बाइटला अक्षर समजतो, म्हणून तसं दिसतं. हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट आकड्यात दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडल्यावर पहिले सहा बाइट सहसा असे निघतात: ०० ०६ ०० ०२ ०२ ५८. आता वाचा. ०० ०६ म्हणजे नोंद सहा बाइटांची. ०० म्हणजे हेडर, फाइलीची सुरुवातीची नोंद. ०२ म्हणजे आत दोन बाइटांचा पूर्णांक आहे. आणि तो पूर्णांक ०२ ५८, सोळाच्या पायातून दशमानात आणला की ६००. म्हणजे जीडीएस-टूची सहावी आवृत्ती. त्याच विद्यार्थ्याने मग पुढच्या नोंदी कागदावर फोडल्या. आयत कुठे सुरू होतो, त्याचा थर कुठे येतो, कोपऱ्यांचे आकडे कुठे, असं शोधत तो बराच वेळ बसला. मला विचाराल तर ही फाइल समजून घेण्याची सर्वांत चांगली सुरुवात हीच. लायब्ररी त्यानंतर.

एक आयत लिहायला किती जागा लागते तेही मोजून बघण्यासारखं आहे. ‘बहुभुज सुरू’ ही नोंद ४ बाइट, थर ६, डेटाटाइप ६, कोपरे ४४, ‘घटक संपला’ ४. एकूण ६४. कोपऱ्यांना ४४ का? आयताला चार कोपरे, पण जीडीएस-टूमध्ये पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहावा लागतो, म्हणून पाच बिंदू. प्रत्येक बिंदूला दोन आकडे, प्रत्येक आकडा चार बाइटांचा. पाच गुणिले आठ चाळीस, आणि नोंदीच्या सुरुवातीचे चार.

ही रचना चुंबकीय टेपवर साठवण्यासाठी आणि १६ बिटांच्या मिनीकॉम्प्युटरवर चालण्यासाठी बेतलेली होती. म्हणून फाइलीत अनुक्रमणिका नसते. आत कोणते सेल आहेत हे कळायला ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावी लागते. दशांश आकडेही आजच्या पद्धतीने लिहिलेले नसतात. आपले संगणक ज्या आयट्रिपलई ७५४ मानकाने दशांश साठवतात ते १९८५ चं, म्हणजे जीडीएस-टूनंतरचं. इथे जुनी पद्धत आहे: एक बिट चिन्हाचा, सात बिट सोळाच्या घाताचे, छप्पन्न बिट उरलेल्या आकड्याचे. ज्याने हे न बघता आठ बाइट सरळ पायथनच्या दशांशात वाचले त्याला हास्यास्पद किंमती मिळतात.

लायब्ररी इथे कामाला येते

ह्या सगळ्या बारकाव्यांची जबाबदारी आपल्या डोक्यावरून काढून घेते ती लायब्ररी. पायथनमध्ये दोन नावं नक्की माहीत असावीत. एक जीडीएसटीके. ब्राझीलमधले फोटॉनिक्सचे, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या चिपांचे, संशोधक लुकास गॅब्रिएली यांनी आधी जीडीएसपाय लिहिली, आणि तिची पुढची, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली वेगवान आवृत्ती म्हणजे जीडीएसटीके. दुसरं नाव केलेआउट, मथियास क्योफरलाइन यांचं. केलेआउट हा मुळात नकाशा डोळ्यांनी बघायचा आणि दुरुस्त करायचा प्रोग्रॅम, पण त्याचा गाभा पायथनमधूनही वापरता येतो. दोन्ही मोफत, दोन्ही खुल्या स्रोताच्या. मी शिकवताना लिहिण्यासाठी जीडीएसटीके आणि बघण्यासाठी केलेआउट अशी जोडी वापरतो. आपण लिहिलेलं दुसऱ्याच कोणाच्या प्रोग्रॅममधून तपासलं जातं, हा त्यातला खरा फायदा.

जीडीएसटीकेमध्ये फाइल वाचली की हातात एक लायब्ररी-वस्तू येते (इथे लायब्ररी म्हणजे त्या फाइलीतल्या सगळ्या सेलांचा संग्रह). तिच्यात सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये बहुभुज, पट्टे, लेबलं आणि दुसऱ्या सेलांचे संदर्भ. नवी फाइल करायची तरी हाच क्रम: लायब्ररी तयार करा, तिच्यात नवा सेल घ्या, सेलमध्ये आयत टाका, फाइल लिहा. चार-पाच ओळींत काम होतं. वर मोजलेले ६४ बाइट, शेवटी परत लिहायचा पहिला बिंदू, सोळाच्या घातातला दशांश, हे सगळं ती गुपचूप सांभाळते.

पण एककांकडे मात्र आपणच लक्ष द्यायचं. फाइलीतले सगळे कोपरे पूर्णांक असतात. १४० म्हणजे १४० काय? ते सांगणारी एक नोंद फाइलीच्या सुरुवातीला असते, २० बाइटांची, आत दोन दशांश आकडे. पहिला सांगतो की फाइलीतलं एक पाऊल म्हणजे वापरणाऱ्याच्या एककाचा कितवा भाग, बहुतेक वेळा ०.००१. दुसरा सांगतो की ते पाऊल किती मीटरचं, बहुतेक वेळा एक नॅनोमीटर. जीडीएसटीकेचेही मूळ आकडे तेच: एकक एक मायक्रोमीटर, अचूकता एक नॅनोमीटर. तुम्ही ०.१४ लिहिलं की फाइलीत १४० उतरतं. कोणी मायक्रोमीटर समजून नॅनोमीटरचे आकडे भरले तर चिप हजारपट मोठी होते, आणि लायब्ररी त्यावर हू की चू करत नाही, कारण तिच्या दृष्टीने ते वैध आकडे आहेत. चार बाइटांच्या पूर्णांकात एक नॅनोमीटरच्या पावलाने दोन्ही बाजूंना दोन मीटरहून जास्त अंतर मावतं. सध्याच्या लिथोग्राफीच्या यंत्रात एका वेळी छापता येणारं क्षेत्र फार तर २६ बाय ३३ मिलिमीटर. म्हणजे जागेची अडचण कधीच येत नाही, गडबड होते ती एककातच.

वर्तुळ, तिरपे कोन आणि निसटलेला नॅनोमीटर

जीडीएस-टूमध्ये बहुभुजाला वक्र कड नसते. वर्तुळ हवं असेल तर ते अनेक कोपऱ्यांच्या बहुभुजाने भागवावं लागतं. किती कोपरे? ते तुम्ही किती तफावत चालवून घेता त्यावर. १० मायक्रोमीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्या. खऱ्या वर्तुळापासून कड १० नॅनोमीटर आत गेलेली चालत असेल तर साधारण ७१ कोपरे पुरतात. एकच नॅनोमीटर चालणार असेल तर सुमारे २२२ लागतात. आता जुन्या नियमाप्रमाणे एका बहुभुजाला जास्तीत जास्त २०० बिंदू, त्यातला एक पहिल्याचीच पुनरावृत्ती, म्हणजे हातात १९९. आपलं २२२ कोपऱ्यांचं वर्तुळ त्यात बसत नाही. म्हणून जीडीएसटीके फाइल लिहिताना त्याचे तुकडे पाडते, आणि ही मर्यादा आपल्याला बदलताही येते. नोंदीची लांबी दोन बाइटांत लिहिलेली असल्यामुळे एका नोंदीत ८१९१ च्या वर बिंदू मावतच नाहीत. काही प्रोग्रॅम तिथपर्यंत जाऊ देतात, पण पलीकडच्या जुन्या प्रोग्रॅमने ते नाकारलं तर भांडण कोणाशी करणार? मी १९९ वरच थांबतो.

प्रकाशावर चालणाऱ्या चिपमध्ये, जिथे गोल वळणांतून प्रकाश न्यायचा असतो, ही तफावत कळीची ठरते. कड खडबडीत झाली की प्रकाश विखुरतो. गॅब्रिएली त्याच क्षेत्रातले असल्यामुळे असेल, जीडीएसटीकेमध्ये वक्र मार्ग काढायची सोय मोठी आहे.

तिरप्या कोनाची गोष्ट जास्त फसवी. एक मायक्रोमीटर बाजूचा चौकोन त्याच्या मध्याभोवती ४५ अंशांत फिरवला की कोपरे बरोबर अक्षांवर येतात, मध्यापासून ०.७०७१०६७८… मायक्रोमीटरवर. फाइलीत पूर्णांकच लिहिता येतो, म्हणून ७०७. ही तफावत एका नॅनोमीटरच्याही आत आहे, पण दोन शेजारी तुकडे वेगवेगळे फिरवले आणि एकाचा कोपरा वर, दुसऱ्याचा खाली पूर्णांकाला टेकला, तर मध्ये एक नॅनोमीटरची फट उरते. पडद्यावर ती दिसत नाही. नियम तपासणारा प्रोग्रॅम मात्र तिला ‘दोन धातूंमधलं अंतर अपुरं’ म्हणून पकडतो. त्यातून स्काय१३० मध्ये सगळे कोपरे ५ नॅनोमीटरच्या जाळीवर असावे लागतात. ७०७ तिथे चालत नाही, ७०५ किंवा ७१० करावं लागतं. म्हणून आकार आधी जोडून एकसंध करायचे, मग फिरवायचे, आणि शेवटी जाळीवर बसवायचे, हा क्रम मी मुलांकडून घोटून घेतो.

एकदाच काढायचं, हजारदा ठेवायचं

आता ह्या फाइलीतला सर्वांत मोलाचा भाग. मेमरीचा एक सेल, समजा २० आयतांचा. एका आयताला ६४ बाइट, म्हणजे सेलला १२८० बाइट. १०२४ ओळी आणि १०२४ स्तंभांची मेमरी करायची तर असे १०,४८,५७६ सेल. सगळे आयत सुटे लिहिले तर १३४ कोटी बाइटांच्या वर जातात, म्हणजे सुमारे १.३ जीबी, तेही एका छोट्याशा मेमरीसाठी.

जीडीएस-टूमध्ये असं कोणी करत नाही. सेल एकदा लिहायचा, त्याला नाव द्यायचं, आणि मग एका नोंदसमूहात म्हणायचं की ह्या नावाचा सेल इतके स्तंभ, इतक्या ओळी, इतक्या अंतराने ठेव. सेलचं नाव आठ अक्षरांचं असेल तर ही पूर्ण सूचना ५६ बाइटांत संपते. अख्खी फाइल दीड हजार बाइटांच्या आसपास राहते. खऱ्या मेमरीत शेजारचे सेल आरशातल्यासारखे उलटवून लावतात, म्हणजे दोघांना तारा सामायिक वापरता येतात. तेव्हा आधी चार सेलांचा एक गट करतात आणि तो गट जाळीत पसरवतात. हिशोब थोडा बदलतो, तत्त्व तेच.

हे शिकवत असताना अशोक चौकाकडे राहणारी एक मुलगी, जिच्या घरी जकार्डचे माग आहेत, पटकन म्हणाली, “सर, आमच्याकडं चादरीवर मोर काढतेत तसंच झालं की हे.” तिचं म्हणणं इतकं चपखल होतं की मी ते तेव्हापासून वापरतो. चादरभर मोर पसरलेले असले तरी डिझायनर ग्राफवर मोर एकदाच काढतो. कार्डं पंच होतात ती त्या एका नक्षीपुरती. कार्डांची माळ पुन्हा पुन्हा फिरते म्हणून लांबीत मोर परत येतात, आणि जकार्डच्या दोऱ्यांची बांधणीच अशी असते की रुंदीतही तोच मोर शेजारी शेजारी उमटतो. मोराची चोच बदलायची तर नक्षीच्या कार्डांत बदल करायचा, चादरीवरच्या सगळ्या मोरांची चोच बदलते. चिपच्या सेलचंही असंच. मूळ सेलमधला एक व्हाया सरकवला की दहा लाख जागी तो सरकतो.

मग तिने विचारलं, “पण सर, एकाच मोराची चोच बदलायची असली तर?” तर त्या सेलची वेगळ्या नावाने नक्कल करायची आणि त्या एका जागी नकलेचा संदर्भ द्यायचा. पुष्कळ जण इथे घाईने सगळी रचना सपाट करून टाकतात, म्हणजे संदर्भ मोडून सगळे आकार एकाच सेलमध्ये ओततात. लायब्ररीत ते एका ओळीचं काम आहे, म्हणून मोह होतो. पण एकदा सपाट केलेली फाइल पुन्हा सेलांमध्ये लावणं जवळपास अशक्य. फाइल फुगते, तपासणीचा वेळ फुगतो, आणि कुठला आकार कोणत्या सेलमधून आला होता ती ओळखच पुसली जाते. मोजमापासाठी सपाट आकार हवेच असतील तर मूळ सेलला हात न लावता लायब्ररीकडून बहुभुजांची वेगळी यादी मागून घ्यावी. तशी सोय दोन्ही लायब्रऱ्यांत आहे, आणि किती पायऱ्या खोल जायचं तेही सांगता येतं.

संदर्भ लिहिताना दोन ठिकाणी माणसं हमखास अडकतात. पहिलं, उलटवणं आणि फिरवणं ह्यांचा क्रम. जीडीएस-टूमध्ये आधी आडव्या अक्षाभोवती उलटवतात, मग घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात, मग जागेवर नेतात. क्रम बदलला की सेल भलतीकडे तोंड करून बसतो. दुसरं, जाळीच्या सूचनेत दोन सेलांमधलं अंतर लिहायचं नसतं. तिथे तीन बिंदू असतात: जाळीची सुरुवात, सगळे स्तंभ संपल्यानंतरचा बिंदू, आणि सगळ्या ओळी संपल्यानंतरचा. अंतर भागाकाराने काढायचं. स्वतः बाइट वाचणाऱ्याला हे माहीत असावंच लागतं. लायब्ररी वापरणाऱ्याला थेट अंतर मिळतं.

ओएसिस

सेलांची युक्ती असूनही फायली वाढत गेल्या, म्हणून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सेमी ह्या उद्योगसंघटनेच्या छत्राखाली ओएसिस नावाचं नवं मानक आलं. छोट्या आकड्याला कमी बाइट, मोठ्याला जास्त. मागच्या आयताचा थर आणि मापं तीच असतील तर ती पुन्हा लिहायचीच नाहीत. आणि वरून झिपसारखं आकुंचन. जीडीएस-टूमध्ये ६४ बाइट खाणारा आयत इथे कित्येकदा दहाच्या आतच आटोपतो. जीडीएसटीके आणि केलेआउट दोन्ही ओएसिस वाचतात आणि लिहितात. शिकताना मात्र जीडीएस-टूच बरा, कारण तो हाताने फोडून वाचता येतो.

लायब्ररी काय करत नाही

ती नियम तपासत नाही, हे आधी समजून घ्या. स्काय१३० मध्ये पहिल्या धातूची पट्टी किमान ०.१४ मायक्रोमीटर रुंद हवी आणि दोन पट्ट्यांत किमान तेवढंच अंतर हवं. तुम्ही ०.०५ ची पट्टी काढली तरी जीडीएसटीके ती निमूटपणे लिहून देईल. तपासणी केलेआउटच्या वेगळ्या नियमावलीतून किंवा मॅजिकसारख्या प्रोग्रॅममधून करावी लागते.

भोकाचंही तसंच. जीडीएस-टूच्या बहुभुजाला भोक नसतं. आयतातून वर्तुळ वजा केलं की लायब्ररी भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत एक अदृश्य चीर घेऊन एकच सलग कड तयार करते, किंवा आकार दोन तुकड्यांत देते. दिसायला भोक, लिहायला नाही. दोन बहुभुजांची बेरीज, वजाबाकी, छेद हे गणित दिसतं तितकं सोपं नाही. कडा एकमेकींवर तंतोतंत येतात तेव्हा ते फार नाजूक होतं. जीडीएसटीके त्यासाठी अँगस जॉन्सन यांची क्लिपर ही लायब्ररी आतून वापरते. हे स्वतः लिहायच्या फंदात पडू नका.

नावांचा घोळ मात्र आपल्यालाच सांभाळावा लागतो. दोन गटांनी आपापल्या फाइलीत एकाच नावाचा सेल केला आणि मग फायली एकत्र केल्या, तर संदर्भ नावाने शोधला जात असल्यामुळे एकाच्या जागी दुसऱ्याचा सेल बसू शकतो. नकाशा बघताना सगळं जागच्या जागी दिसतं आणि सर्किट मात्र चुकलेलं असतं. सेलच्या नावापुढे आपल्या गटाचं आद्याक्षर लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

आणखी एक बारीक गोष्ट. फाइलीच्या आणि प्रत्येक सेलच्या सुरुवातीला तारीख-वेळ लिहिलेली असते. तोच नकाशा तासाभराने पुन्हा लिहिला तर आकार तंतोतंत तेच, पण फाइल वेगळी. दोन फायली बाइटशः ताडून ‘काहीतरी बदललंय’ असा निष्कर्ष काढणारे इथे फसतात. जीडीएसटीकेमध्ये लिहिताना वेळ ठरवून देता येते, ती कायम एकच द्यावी. नाहीतर दोन्ही फायलींतला एकेक थर घेऊन वजाबाकी करावी. उत्तर रिकामं आलं तर नकाशे सारखे.

आता हाताने करून बघा

स्काय१३० च्या तयार सेलांपैकी सर्वांत साधा इन्व्हर्टर (० चा १ आणि १ चा ० करणारं सर्किट) घ्या, ज्या संचाला हाय डेन्सिटी म्हणतात त्यातला सर्वांत लहान. त्याची जीडीएस फाइल उतरवून जीडीएसटीकेने वाचा आणि सेलचा बाहेरचा चौकट-आकार विचारा. कागदपत्रांत ह्या सेलची उंची २.७२ मायक्रोमीटर आणि रुंदी १.३८ दिलेली आहे. तुम्हाला मिळालेली उंची त्याहून जास्त निघेल. घाबरू नका, फाइल बरोबर आहे. वीज नेणाऱ्या पहिल्या धातूच्या पट्ट्या सेलच्या वरच्या आणि खालच्या सीमेवर अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर असतात, प्रत्येकी ०.२४ मायक्रोमीटर बाहेर. वरच्या रांगेतला सेल उलटा बसतो आणि तीच पट्टी दोघांना मिळून वापरली जाते. सेलची खरी सीमा २३५/४ ह्या थरावर वेगळी काढलेली आहे. तेवढाच थर गाळून घेतला की २.७२ आणि १.३८ बरोबर येतात.

मग ६५/२० आणि ६६/२० ह्या दोन थरांचे बहुभुज घ्या आणि त्यांचा छेद काढा. दोन तुकडे उरतात, दोन ट्रान्झिस्टर. मापं घ्या: दोघांची एक बाजू ०.१५ मायक्रोमीटर, ही चॅनेलची लांबी. दुसरी बाजू एकाची ०.६५, दुसऱ्याची १.००. मोठा तुकडा ६४/२० वरच्या एन-वेलच्या आत पडतो का तेही छेदानेच तपासा. पडतो, म्हणजे तो पी प्रकारचा ट्रान्झिस्टर. त्याच्यातून वाहतात ते होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, आणि सिलिकॉनमध्ये होल इलेक्ट्रॉनपेक्षा हळू सरकतात. म्हणून त्याला जास्त रुंदी दिलेली आहे.